भिंतीवरची भेग आणि चौथीचा वर्ग : खाणपट्ट्यातल्या मुलांना जमीन मोजायला शिकवू या



गेल्या वर्षीच्या मार्च महिन्यातली गोष्ट. चौथीच्या वर्गात लांबीचं मापन चालू होतं. मुलांना म्हटलं, वर्गातली कोणतीही एक वस्तू मोजा आणि वहीत लिहा. कुणी बाक मोजला, कुणी फळा, कुणी शेजारच्याचं दप्तर. एक मुलगी मात्र पट्टी घेऊन खिडकीखालच्या भिंतीशी जाऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, मी भेग मोजली. तीन पट्ट्या लांब आहे. पण रुंदी कशी मोजू? पट्टी आत जाते."

वर्ग हसला. मीपण हसले. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या भिंतीले पण तडा गेला. बाबा म्हणते, खालून खाण गेली." मी सहज विचारलं, "अजून कुणाच्या घराला तडे आहेत?" वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे हात वर झाले. मग माझं हसू गेलं.

मी वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात शिकवते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी ही नावं तुम्ही वाचली असतील. आमच्याकडे दोन प्रकारच्या खाणी आहेत. ओपनकास्ट खाण सगळ्यांना दिसते. तिची धूळ दिसते, मातीचे डोंगर दिसतात, ब्लास्टिंगचा आवाज येतो. अंडरग्राउंड खाण दिसत नाही. वर कापूस, तूर, घरं, रस्ता, शाळा, खाली पोकळी. काही खाणी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. नवीन पिढीला त्या कुठून कुठे गेल्या होत्या हेही माहीत नाही.

२६ ऑगस्ट २०२२ ला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गेलं. खड्डा साठ-सत्तर फूट खोल असल्याचं बातम्यांत आलं. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीच्या खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली. तेव्हा आपण सगळ्यांनी व्हिडिओ पाहिले, पुढे पाठवले, चार दिवस बोललो आणि विसरलो.

म्हणून आज थोडं स्पष्ट लिहिते. माझं म्हणणं एवढंच आहे की जमीन कुठे आणि किती खचते आहे याची मापं घेतली जातात, पण ज्यांची घरं त्या जमिनीवर आहेत त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाहीत. ती पोहोचली पाहिजेत. आणि आपल्या मुलांना ती वाचता आली पाहिजेत, स्वतः घेताही आली पाहिजेत. हे काम प्राथमिक शाळेत सुरू होऊ शकतं.

जमीन खचते म्हणजे काय होतं?

आधी आपण समजून घेऊ, म्हणजे मुलांना सांगता येईल.

भूमिगत खाणीत कोळशाच्या थरात बोगदे काढतात आणि मधे मधे कोळशाचेच खांब सोडतात. हे खांब वरचं छत पेलतात. पुढे अनेक ठिकाणी हे खांबही काढून घेतात आणि मागचं छत मुद्दाम पडू देतात. छत पडलं की त्याच्या वरचा खडक वाकतो, आणि सगळ्यात वर जमिनीला बशीसारखा खोलगट आकार येतो. हे खचणं सावकाश होतं आणि त्याचा अंदाज बांधता येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही बशी खालच्या खाणीपेक्षा मोठी असते. म्हणजे "आमच्या घराखाली खाण नाही, ती बाजूला आहे" असं म्हणून निश्चिंत होता येत नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. खाण कमी खोलीवर आणि जुनी असेल तर छताचे तुकडे वर्षानुवर्षं थोडे थोडे गळत राहतात. पोकळी हळूहळू वर सरकते. वरून काहीच दिसत नाही, आणि एके दिवशी, बऱ्याचदा पावसाळ्यात, एकदम खड्डा पडतो.

वर्गात मी हे काडेपेट्यांनी दाखवलं. एका ट्रेमध्ये सहा काडेपेट्या जवळजवळ मांडल्या, मधल्या दोन पेट्यांना दोरा बांधला. वर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर ओलसर माती, मातीवर खडूचे तुकडे म्हणजे घरं. मग दोरा हळूच ओढला. मुलांनी काय पाहिलं? अगदी मधलं घर सरळ खाली गेलं. कडेची घरं तिरकी झाली आणि माती कडेलाच फाटली. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग खड्ड्याच्या मधातलं घर चांगलं, कडेचं वाईट?" प्रश्न किती बरोबर आहे बघा. सगळं घर सारखं खाली गेलं तर ते कमी तडकतं. एक कोपरा खाली आणि दुसरा वर राहिला की भिंत फाटते. बाकाचे चारही पाय सारखे कापले तर बाक डुगडुगत नाही. एकच पाय कापला तर डुगडुगतो. किती खचली यापेक्षा कुठे कमी-जास्त खचली हे मोजणं म्हणूनच जास्त महत्त्वाचं.

मोजतात कसं?

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे लेव्हल मशीन आणि स्टाफ. जमिनीत ठराविक अंतरावर खुणेचे खांब पुरतात आणि दर काही महिन्यांनी त्यांची उंची मोजतात. ही उंची ज्या पक्क्या खुणेपासून मोजायची ती खूण खचणाऱ्या भागाच्या बाहेर असावी लागते. नाहीतर डगमगत्या स्टुलावर उभं राहून दुसऱ्याची उंची मोजल्यासारखं होईल. आता टोटल स्टेशन आणि जीपीएसही वापरतात.

आणि आता आकाशातूनही मोजता येतं. रडार असलेला उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो आणि दोन वेळच्या रडार लहरींची तुलना करून जमीन किती खाली-वर झाली ते काढतात. फरक सेंटिमीटरमध्ये किंवा त्याहूनही कमी असला तरी कळतो. रडारला ढग आडवे येत नाहीत, रात्रही चालते. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांची माहिती फुकट मिळते. आपली इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून बनवलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला. तो पृथ्वीवरची बहुतेक जमीन दर बारा दिवसांनी पाहतो. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले. आपल्या वावरावरून जाणारा उपग्रह आपली जमीन मोजतो!

पण उपग्रहालाही मर्यादा आहेत. उभ्या पिकात त्याचं माप गोंधळतं. आणि अचानक पडणाऱ्या खड्ड्याची आगाऊ सूचना तो देईलच असं नाही. म्हणून वरची नजर आणि खालची नजर, दोन्ही हव्यात. खालची नजर म्हणजे तिथे राहणारा माणूस. दार अचानक अडकायला लागलं, अंगणातली फरशी एका बाजूला उतरली, विहिरीचं पाणी एकाएकी गेलं, वावरात लांब भेग पडली, हे सगळ्यात आधी घरच्यांनाच दिसतं.

धरणाचा इथे काय संबंध?

काही पालक म्हणतील, आमच्या गावाकडे खाण नाही, धरण आहे. तर हाच धडा तिथेही लागू होतो. धरण म्हणजे शेकडो मीटर लांबीची भिंत. तिच्या खालची जमीन एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी बसली तर भिंतीला भेग पडते. घराच्या भेगेतून वारा येतो, धरणाच्या भेगेतून पाणी.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात बाल्डविन हिल्स नावाचा पाणीसाठा होता. त्याच्या शेजारच्या तेलक्षेत्रातून वर्षानुवर्षं तेल काढलं गेलं आणि तिथली जमीन खचत होती. १४ डिसेंबर १९६३ ला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास तिथल्या रखवालदाराला पाण्याचा नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला. त्याने लगेच वर कळवलं. साठ्यातलं पाणी सोडायला सुरुवात झाली, खालच्या वस्त्या रिकाम्या करायला लागले. दुपारी तीन वाजून अडतीस मिनिटांनी बांध फुटला. पाच माणसं गेली, शेकडो घरांचं नुकसान झालं. पण खाली हजारो माणसं राहत होती. एका माणसाचा कान रोजच्या आवाजाला सरावलेला होता, म्हणून त्याला वेगळा आवाज कळला.

ऑस्ट्रेलियात सिडनीला पाणी देणाऱ्या धरणांच्या परिसराखाली कोळसा आहे. तिथे धरणांजवळ खणायला वेगळी परवानगी लागते आणि जमिनीची मापं सतत घ्यावी लागतात. आपल्याकडेही नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे, २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. धरणांवर झिरपणारं पाणी मोजतात, बांध किती बसला ते पाहतात, आतला पाण्याचा दाब मोजतात. तरीही २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची घरं माणसांसकट वाहून गेली. ते खाणीचं प्रकरण नव्हतं. पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, हे तेव्हा बातम्यांत आलं होतं. म्हणजे पाहणारे होते. त्यांचं पाहणं कुणी मोजमाप म्हणून धरलं नाही.

मला वाटतं, खरी अडचण इथे आहे. "साहेब, भेग मोठी झाली" या वाक्याला कार्यालयात वजन नसतं. "साहेब, मार्चमध्ये इतकी होती, सप्टेंबरमध्ये इतकी आहे, ही तारीखवार वही" याला असतं.

आमची भेग नोंदवही

म्हणून आम्ही वही सुरू केली. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने दोन ठिपके काढले, बरोबर दहा सेंटिमीटर अंतरावर. अशा तीन जोड्या : वर, मधे, खाली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन मुलांनी ते अंतर मोजायचं आणि तारीख घालून लिहायचं. रुंदी मोजायची गरजच नाही. ठिपके लांब गेले म्हणजे भेग उघडली.

दुसऱ्याच महिन्यात मुलं ओरडत आली, "मॅडम, भेग मिटली! नऊ सेंटिमीटर सहा मिलिमीटर!" टाळ्यापण वाजल्या. मग मी बघते तर काय, पट्टी शून्याच्या रेघेपासून न लावता कडेपासून लावलेली. तो दिवस मी दुसरं काहीच शिकवलं नाही. शून्य कुठे आहे, एवढंच. पुस्तकातून तीन वर्षं जे नीट बसलं नव्हतं, ते त्या भिंतीने एका तासात बसवलं.

आता महत्त्वाचं सांगते. मे महिन्यात आमचे ठिपके दोन मिलिमीटरने लांब गेले. मी घाबरले. खरं सांगायचं तर झोप लागली नाही. पण पावसाळा आला आणि ऑगस्टमध्ये ते परत जवळ आले. हिवाळ्यानंतर पुन्हा लांब. का? कारण आमची काळी माती. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आमच्या वर्गाची भेग बहुधा खाणीची नव्हतीच, मातीची होती. वही नसती तर आम्ही सगळ्याचा दोष खाणीला देऊन मोकळे झालो असतो, किंवा उलट, "काळ्या मातीत असंच असतं" म्हणून सगळंच सोडून दिलं असतं.

कारण दुसरी वही तसं सांगत नव्हती. वर्गातल्या एका मुलाच्या घरच्या भिंतीवरही आम्ही ठिपके काढले होते. तिथले ठिपके पावसाळ्यात जवळ आले नाहीत. वर्षभरात तीन मिलिमीटर लांब गेले, आणि स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालं. ऋतूप्रमाणे उघडणारी-मिटणारी भेग वेगळी, आणि फक्त उघडत जाणारी भेग वेगळी. कारण कोणतं, हे ठरवणं माझं काम नाही, मी डीएड झालेली शिक्षिका आहे, इंजिनियर नाही. पण हा फरक चौथीच्या मुलाने दाखवला, हे मी छातीठोकपणे सांगते.

त्या घरच्यांनी वहीची झेरॉक्स जोडून ग्रामपंचायतीत अर्ज दिला. काही आठवड्यांनी मोजणीची माणसं आली. मशीन लावलं, जोत्यावर लाल खूण केली, आकडा लिहून घेतला. घरातल्या आजीने विचारलं, "किती भरलं भाऊ?" उत्तर आलं, "वर पाठवतो." आजपर्यंत तो आकडा त्या घरात आलेला नाही. दवाखान्यात ताप मोजायचा आणि रोग्याच्या घरच्यांना सांगायचा नाही, असं झालं हे.

"मॅडम, पोराइले कायले भेववता?"

पालकसभेत एक बाबा उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, पोराइले कायले भेववता? उद्या घराले भाव नाही भेटन. आन् आमी तं त्याच खाणीत कामाले जातो."

मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांची फी, पुस्तकं, सायकल त्या खाणीच्या पगारातून येते. खाण वाईट असं मी वर्गात कधी म्हटलं नाही, आणि म्हणणारही नाही. पण मी त्यांना एवढं विचारलं, "भाऊ, खाली कामावर जाताना छत ठोकून आवाज ऐकता ना? भरीव आहे की पोकळ, ते बघता ना? त्याला भिणं म्हणता का?" ते थोडं हसले. म्हणाले, "नाही. ते तं कामच आहे." मग वर घरात राहणाऱ्यांनी भिंत बघणं हेही कामच आहे, नाही का?

भीती न कळण्याने वाढते. ज्या मुलांच्या हातात पट्टी आली ती कमी घाबरतात, असा माझा अनुभव आहे. ती आता "तडा गेला" म्हणत नाहीत, "किती गेला" विचारतात.

शिक्षक मित्रांचा आक्षेपही मला माहीत आहे. आधीच अशैक्षणिक कामं कमी आहेत का, त्यात ही अजून एक वही! मान्य. पण हे वेगळं काम नाही. मापन गणितात आहेच, खडक-माती-पाणी परिसर अभ्यासात आहे, अर्ज लिहिणं भाषेत आहे. महिन्यातली पंधरा मिनिटं लागतात. आणि निरीक्षणाचा खरा पाठ म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

आपण काय मागायचं, काय करायचं

पहिलं, खचण्याची जी मापं घेतली जातात ती वर्षातून निदान दोनदा ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावीत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत.

दुसरं, जुन्या भूमिगत खाणींचा जो काही नकाशा उपलब्ध आहे तो गावात असावा. आमच्या पिढीने टीव्हीवर 'काला पत्थर' पाहिला आहे. तो ज्या घटनेवरून सुचला ती चासनाळ्याची दुर्घटना २७ डिसेंबर १९७५ ला झाली. जुन्या खाणीत साठलेलं पाणी चालू खाणीत घुसलं आणि ३७५ कामगार गेले. जुनी पोकळी कुठे आहे हे माहीत असणं म्हणजे काय, ते त्या घरांना विचारा.

तिसरं, घरच्यांनी तारीखवार नोंद आणली तर तिची पोच मिळावी आणि मोजणी झाली की आकडा घरमालकाला लेखी द्यावा. यात फार पैसा लागत नाही. इच्छा लागते.

आणि शाळेत, घरी हे करून पाहा :

१. एक भेग निवडा, तीन जोड्या ठिपके काढा, बाजूला तारीख लिहा. रंगकाम झालं तर ठिपके जाणार नाहीत याची काळजी घ्या.
२. तीच पट्टी, तोच दिवस, शून्याच्या रेघेपासून माप. दोन मुलांनी वेगवेगळं मोजून पडताळायचं.
३. निदान एक पूर्ण वर्ष नोंद ठेवा. एका महिन्याच्या मापावरून निष्कर्ष काढू नका.
४. शेजारी तो महिना कोरडा की पावसाचा, तेही लिहा.
५. धरणाजवळच्या गावात झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावं. गढूळ पाणी म्हणजे ते बांधाची माती सोबत आणत असेल. ते दिसलं की त्याच दिवशी कळवायचं.
६. मुलांना ठामपणे सांगा : वावरातल्या भेगेजवळ, खड्ड्याजवळ, जमिनीतून धूर किंवा वाफ येते तिथे जायचं नाही, वाकून बघायचं नाही. मोठ्या माणसाला सांगायचं. आपली वही फक्त भिंतीची.

भेग मोजणारी ती मुलगी आता पाचवीत गेली. वही तिने तिसरीतून चौथीत आलेल्या मुलांच्या ताब्यात दिली, आणि देताना पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात एक सूचना लिहून ठेवली : "पट्टी कडेपासून लावू नये."

त्या घराचा आकडा अजून आलेला नाही. या ग्रामसभेत आम्ही तो पुन्हा विचारणार आहोत. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत अशी एखादी भेग असेल तर आजच तिच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके काढा.